शिंपीतली दाढ

॥ श्री ॥

मु. सावरखेडा, ता. गंगाखेड
वैशाख वद्य पंचमी, शके १८७९

रा. रा. किशनराव यांस,

कस्तुराबाईचा रामराम. तुमची तब्येत, पूर्णेची नोकरी, खाणंपिणं सगळं बेस चाललं असंल असं धरून चालते. आमचंबी बरं हाय म्हणायचं.

पाकिटावरचं नाव बघून तुमाला नवल वाटलं असंल. मागल्या पोळ्याला आत्याबाईंनी तुमच्या वहाणा गल्लीत भिरकावल्या, त्या हातात घेऊन तुमी गेलात, त्याच्यानंतर ना तुमचा सांगावा आला ना आमचा गेला. मी दाराआड उभी होते. बाहेर येऊन एक शब्द बोलायला पाहिजे होता, पण सासूपुढं काय बोलणार होते? अक्षर वाकडंतिकडं हाय. माहेरी मास्तरच्या ओसरीवर तिसरीपर्यंत बसले, तेवढंच भांडवल. हसू नका. हसलात तरी मला कुठं दिसायलंय म्हणा.

इकडं उन्हाळा लय कडक हाय. आडानं तळ गाठलाय, पाण्याला गंगेवर जावं लागतं. तांबडा बैल पायानं अधू झालाय. सालगडी पाडव्याला गेला तो परत आलाच न्हाई, त्याची बायको म्हणती आजारी हाय, पण गल्लीतल्या दगडाबाईनं त्याला बाजारात भजी खाताना पाहिलं. म्हणून काट्या वेचायच्या, शेण टाकायचं, नांगराच्या मागं फिरायचं, सगळं माझ्याच अंगावर. सकाळी उठते तवाच थकलेली असते. रात्रीच्या झोपेनं जे जातं ते थकणं निराळं, हे निराळं. गावात म्हणायलेत की आता आपण मुंबई राज्यात गेलोत. शाळेतला उर्दूचा मास्तर गेला, दुसरा आला. तोबी पोरांना मारतोच.

असो. हे सांगायला काही पत्र लिहायला बसले न्हाई. आत्याबाईंनी तुमाला कळवायला सांगितलंय. काय कळवायचं ते सांगते, पण त्याच्या आधी डोहातल्या शिंपीचं सांगावं लागंल. कंटाळू नका.

चैत्रात कैऱ्या आल्या की आत्याबाई गंगेच्या डोहातून शिंपा काढून आणतात. वाळूवर पडलेल्या न्हाई, त्या उन्हानं ठिसूळ झालेल्या असतात. चिखलातल्या जित्याच पाहिजेत. त्यांच्यावर कढत पाणी ओतायचं म्हणजे तोंड उघडतात, मग पाठ दगडावर घासून भोक पाडायचं, त्या भोकाच्या कडेनं कैरीचं साल कसं झरझर निघतं. विळीनं तसं निघत न्हाई. दर साली लोणच्याला आमच्या घरात हेच चालतं. औंदा एक मोठी काळी शिंपी उघडली, आन् तिच्यात एक पांढरं काहीतरी निघालं. तुरीच्या दाण्याहून थोडं मोठं. एका अंगानं चपटं, वरून खड्डे-उंचवटे असलेलं.

आत्याबाईंनी ते तळहातावर घेतलं आन् तिथंच बसून पदरानं पुसलं.

तुमी चारठाण्याकडचे, तुमाला गंगाकाठचा रिवाज ठाऊक नसंल. गोदावरी आमची गंगाच, म्हणून गंगाखेडला मुलखातले लोक हाडं सोडायला येतात. नदी ती खाली आणती आन् आमच्या वाळूला लावती. म्हणून आमच्या गावात वाळूतलं पांढरं काही कुणी उचलत न्हाई. लेकराला चालायला आलं की पहिल्यांदा हेच शिकवतात. पायाला लागलंच तर ओंजळभर पाण्यासंगं परत सोडायचं आन् हात जोडायचे. शिंपीत मोती होतो हे आमी गाण्यात ऐकलेलं. आमच्या डोहातल्या शिंपीत कुणाला कधी सापडला न्हाई, आन् पांढरं दिसलं की आमच्या मनात पहिलं हाडच येतं.

आत्याबाई म्हणाल्या, "कस्तुरे, दाढ हाय ही. माझ्या लेकाची, मुंजाची दाढ हाय."

मी म्हणलं, "आत्याबाई, बंद शिंपीत दाढ कशी जाईल हो?"

"कशी म्हंजे? तोंड उघडून घेतली तिनं. गंगामायनं तिच्यापाशी ठेवाय दिली. तुला काय कळतंय!"

तुमाला आठवतं का, अठ्ठेचाळीसच्या आश्विनात तुमी सरहद्दीवरच्या कँपावरून एकटेच आमच्या घरी आलात आन् ओसरीवर उभ्या उभ्या सांगितलंत, "गंगा उतरताना रझाकारांचा गोळीबार झाला. तो पाण्यात शिरलेला दिसला, निघालेला दिसला न्हाई." आत्याबाईंनी ते बोलणं आजवर पाठ केलंय. निघालेला दिसला न्हाई म्हणजे निघाला नसंलच असं न्हाई, असं त्यांचं म्हणणं. त्याच्यावर नऊ वर्षं काढली. रोज त्याच्या वाटणीची भाकरी निराळी झाकून ठेवायची, मगच आपण घास घ्यायचा. दाराला आतून कडी लावायची न्हाई. गुरुजींनी सांगितलं होतं, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघा, मग पुतळा करून जाळा. त्या गुरुजींच्याबी अंगावर धावून गेल्या. तुमाला तर वहाणा हातात घ्यायला लावल्या.

आन् त्याच बाईनं त्या दिवशी त्या एका दाण्यापायी सगळं सोडलं. सांजच्याला त्याची भाकरी थापली न्हाई. चुलीपुढं बसून म्हणाल्या, "पाण्यातच ऱ्हायला गं माझा बाबा." मी त्यांना एवढं रडताना लग्न होऊन आल्यापासून पाहिलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सांगितलं, अमावास्येला गंगाखेडला जायचं, अस्थी सोडायची, सगळं रीतसर करायचं.

मला काय वाटलं ते खरं सांगू का? मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, वाटली न्हाई. कुंकू लावायचं पण कुणाच्या नावानं ते ठाऊक न्हाई. हळदीकुंकवाला बोलवतात, पण ओटी भरताना बायका एकमेकींकडं बघतात. विधवांत बसवत न्हाईत, सवाशिणींत नीट धरत न्हाईत. मला आता काही का होईना, एकदाचं व्हायला पाहिजे होतं.

शेजारच्या व्यंकटरावांची गाडी घेतली. आत्याबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं हाय, तूच पदरात बांध." मी बांधलं. त्या गाडीत डोळे मिटून बसल्या होत्या. मला कशानं बुद्धी झाली कुणास ठाऊक, मी गाठ सोडून ते उन्हात धरलं. किशनराव, पाण्यातली हाडं मी लहानपणापासून बघत आले. ती पिवळट असतात, मरगळलेली. हे तसं न्हवतं. शिंपी आतून जशी दिसती, पांढऱ्यात थोडी गुलाबी, थोडी निळी, तसं ते हललं की चकाकत होतं. मी गाठ परत मारली आन् गंगाखेड येईपर्यंत पदर मुठीत धरून बसले.

घाटावर आत्याबाईंना बसवलं आन् काळे तीळ, दर्भ आणायला म्हणून बाजारात गेले. गेले ती आधी बन्सीधर सोनाराच्या दुकानात. त्यानं उमेदवारी हैद्राबादेत केलेली, तिकडं लय मोती बघितलेले. मी काही न बोलता ते त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं उजेडात फिरवलं, डोळ्याला भिंग लावलं, आन् मी काही म्हणायच्या आत तोंडात घालून पुढच्या दातांवर घासलं की!

"अहो, अहो! तोंडात काय घालताव! माणसाचं हाड हाय ते!"

बिचाऱ्यानं ते हातावर थुंकलं, तांब्याभर पाण्यानं चुळा भरल्या, आन् माझ्याकडं असं बघितलं की ही बाई येडी हाय का काय. मग त्यानंच परत उचललं, नीट पुसलं, जिभेच्या शेंड्याला लावलं.

"बाई, जुनं हाड असतं तर जिभेला चिकटलं असतं. हे चिकटत न्हाई. काचेचा मणी दातावर नुसता सरकतो. हे बारीक वाळूवानी करकर करतंय. कुणी सांगितलं तुमाला हाड म्हणून?"

मी म्हणलं, "घरच्यांनी."

"मोती हाय हा. आपल्या गंगेचा. शिंपीतून काढलाव ना? मग. अंगानं वाकडा हाय, दाढेवानी दिसतोय खरा, पण पाणी बघा याचं! नथीत मधोमध बसवून देतो. मालक आलेत का संगं?"

मला हसू फुटलं. थांबंचना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. सोनाराची बायको आतून पाणी घेऊन आली, ते प्याले, आन् मालक आले न्हाईत एवढं सांगून उठले.

तीळ घेतले, दर्भ घेतला. घाटाकडं येताना मी ठरवलं होतं की सांगायचं. आत्याबाई, हे हाड न्हाई, चला घरी. अजून तीन वर्षं हायेत बाराला, बघू. एवढंच तर म्हणायचं होतं. वाटेत दोनदा म्हणूनबी बघितलं, तोंडातल्या तोंडात.

घाटावर येऊन बघते तर आत्याबाई खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेल्या. मांडीवर फडक्यात भाकरी आन् गूळ. खात होत्या. पहिला तुकडा बाजूला न काढता सरळ खात होत्या. नऊ वर्षांत मी हे पाहिलं न्हवतं. खाताना गंगेशी बोलत होत्या, "लय दिवस सांभाळलंस बाई त्याला." मला बघून म्हणाल्या, "मिळालं का गं सगळं?"

मी म्हणलं, "मिळालं."

झालं. एवढं एकच बोलले मी, किशनराव. त्याच्यापुढं खोटं बोलायची गरजच पडली न्हाई.

लेकरूबाळ न्हाई म्हणून घाटावरच्या गुरुजींनी माझ्याच हाताला दर्भ बांधला. त्यांनी ती अस्थी लांबूनच बघितली, तांदळावर ठेवायला सांगितली. मग विचारलं, "नाव?" आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजी माझ्याकडं बघायलेत. मी आजवर नवऱ्याचं नाव लग्नाच्या उखाण्यात एकदा घेतलं, त्याच्यानंतर कधी न्हाई. आपल्यात बाई घेती का? पण गुरुजी थांबून राहिले, तवा मी मोठ्यानं म्हणलं, "मुंजाजी."

आता पत्रातबी लिहिते, बघा. मुंजाजी. एकदा घेतल्यावर काय राहिलंय.

ओंजळीत पाणी घेतलं तर ओला होऊन तो असा चकाकला की मी भिऊन मूठच मिटली. कुणाला दिसलं असतं तर? मुठीतल्या मुठीत पाण्याखाली नेला आन् तिथं बोटं सोडली. आत्याबाई हात जोडून उभ्या होत्या. माझ्या मनात बन्सीधर सोनाराचं तोंड येत होतं आन् मी जोरानं रडत होते. नवऱ्यासाठी रडत होते का कशासाठी, मला सांगता येत न्हाई. रडणं मात्र खरं होतं.

घरी आल्यावर दगडाबाई बांगड्या फोडायला दगड घेऊन आली. आत्याबाईंनी तिला मागं सारलं. माझा हात आपल्या मांडीवर घेतला, तेल लावलं, आन् एकेक बांगडी सरकवून काढली. एकबी फुटू दिली न्हाई. मला वाटलं आता सांगावं. तेलाचा हात होता तो, आईचा असतो तसला. न्हाई सांगवलं.

आखितीला त्यांनी पितरांच्या पाण्याला सासऱ्यांच्या नावाच्या मातीच्या केळीशेजारी त्याच्या नावाची केळी पाणी भरून ठेवली. आता नीट जेवतात. रात्री दाराला कडी लावतात. सकाळी मला उठवायला लागतं त्यांना, एवढी गाढ झोप लागती.

आन् परवा ज्वारी निवडता निवडता आपणहून म्हणाल्या, "किशनला कळीव. त्याच्या वहाणा म्या फेकल्या, माझं चुकलं म्हणावं. मुंजाचं सगळं झालंय म्हणावं. तू अजून तरणी हाईस कस्तुरे, माझ्यासंगं कशापायी मातीत जातीस? त्यानं तुझ्यासंगं पाट लावायचं इचारलं व्हतं, आता माझी ना न्हाई म्हणावं. ये म्हणावं."

आत्याबाईंनी एवढंच लिहायला सांगितलंय. अस्थी मिळाली, विधी झाला, या. तेवढ्याच तीन गोष्टी लिहून टपालात टाकल्या असत्या तर तुमी पुढच्या गाडीनं आला असता. मी तसं पत्र लिहिलंबी. चुलीत घातलं.

म्हातारीच्या समाधानासाठी गप्प बसले असं मी गावाला सांगू शकते. तुमाला सांगणार न्हाई, कारण ते खरं न्हाई. त्यांच्यासाठी थोडी, आन् लय करून माझ्यासाठी गप्प बसले. घाटाच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोळ्यांपुढं मुंजाजी न्हवता. तुमी होता. वहाणा हातात घेऊन मान खाली घालून गल्लीतून चाललेले. तुमी तवा एकदा जरी मागं वळून बघितलं असतं तर दाराच्या फटीतून मी दिसले असते. मला यायचं होतं. आजबी यायचं हाय. बाईमाणसानं असं लिहू नये, पण आता लिहिलं.

मग हे सगळं तुमाला कशाला सांगितलं, असं म्हणाल. तुमी मला घरात आणाल, रोज समोर जेवायला बसाल, आन् मुंजाची अस्थी सापडली हे किती बरं झालं असं कधीतरी बोलाल. तवा ताटावर बसून हे एकटीनं गिळायचं बळ माझ्यात न्हाई. तो तुमचा दोस्त होता. त्याच्या नावानं मोती सोडला हे तुमाला ठाऊक पाहिजे. ठाऊक असून यायचं असलं तर या. नसलं तर पूर्णेलाच राहा, मी राग धरणार न्हाई. आत्याबाईंना सांगेन, त्यांनी दुसरीकडं लग्न केलं.

एक मात्र विचारते. ओसरीवर तुमी जे बोललात त्याच्यापुढं मी कधी काही विचारलं न्हाई. तो निघालेला दिसला न्हाई म्हणालात, पण तुमच्या मनाला काय वाटतं? तो गेला का? हे पत्रात लिहू नका. आलात तर माझ्या तोंडावर सांगा. काहीबी सांगा, मी ऐकून घेईन.

आन् आलात तर आत्याबाईंपुढं मोती हा शब्द काढू नका. या घरात तो मोती न्हाई, मुंजाजी हाय.

उद्या तो जिता दारात येऊन उभा राहिला, तर मी त्याला तांब्या देईन, पाय धुवा म्हणेन, भाकरी वाढेन. तो जेवला की सांगेन की मी थकले होते. दुसरं काही सांगणार न्हाई, कारण दुसरं काही न्हाईच. त्या वक्ती तुमी माझ्याजवळ असलात तर मान खाली घालू नका, एवढंच मागणं हाय.

आजवर मला वहिनी म्हणत आलात. मी खाली नुसतं नाव लिहिते.

कस्तुरा